त्या दिवशी बोर्ड चालू होता

कॉर्डेल शहर पोलीस ठाणे, मिनेसोटा.
दिनांक १० मार्च २०१७, सकाळी सव्वादहा.

मी, मार्लिस फ्रँक टोमाझिन, वय ५४ वर्षे, काम शाळेच्या स्वयंपाकघरात, शिवाय हिवाळ्यात शहराच्या बर्फाच्या रिंकवर कँटीन चालवणे व सामन्यांच्या वेळी घड्याळ सांभाळणे, राहणार सेकंड अव्हेन्यू, खाणीच्या जुन्या फाटकाजवळ, कॉर्डेल. बोलावणे आल्यावरून आज ठाण्यात स्वतः येऊन सांगते, ते असे.

माझ्या घरात मी, माझे सासरे रुडॉल्फ टोमाझिन, वय ७८, लोखंडाच्या खाणीतून निवृत्त, आणि माझी मुलगी सिग्ने, वय २०, असे तिघे राहतो. माझे पती फ्रँक नऊ वर्षांपूर्वी वारले. सासऱ्यांना सगळं गाव रूडी म्हणतं, मी पपा म्हणते. जबाब लिहून घेणारा अंमलदार डेल हुपाला याला मी तो पहिलीत होता तेव्हापासून ओळखते, सहा वर्षं त्याच्या ताटात मीच वाढलं आहे. त्याने सुरुवात "सदर महिला" अशी केली होती. मी म्हटलं, "डेल, मी सदर महिला असेन तर तू सदर गाजर टाकून देणारा." तो म्हणाला, "मार्लिस काकू, नियमाने असंच लिहितात." मी म्हटलं, नियमाने काय काय होतं तेच सांगायला आलेय, मी बोलते तसं लिही. आता तो तसं लिहितो आहे.

मला विचारण्यात आलं की रिंकवरचा स्कोअरबोर्ड नेमका कधी मोडला. याचं उत्तर एका ओळीत देता येईल. पण नुसती ती ओळ दिली तर पपांना वेड लागलंय असं कागदावर येईल, आणि त्यांना वेड लागलेलं नाही. म्हणून आधीपासून सांगते.

सिग्ने गोलरक्षक आहे. वयाच्या सहाव्या वर्षापासून ती जाळ्यासमोर उभी राहते, दुसरं काही तिला करायचंच नव्हतं. ती अकरावीत असताना इथून दक्षिणेला तीन तासांवरच्या एका विद्यापीठाच्या मुलींच्या आइस हॉकी संघाने तिला निवडलं. तिथल्या प्रशिक्षक मार्गो ड्रिस्कॉल आमच्या घरी येऊन जेवून गेल्या होत्या. शिक्षण फुकट, राहणं फुकट, चार वर्षं खेळ. बारावीच्या हिवाळ्यात सिग्नेचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, वर्षभर थांबायला सांगितलं. ते वर्ष नियमाने माफ असतं. शाळा संपल्यावर मुलीला एक वर्ष मिळतं. त्याच्यापुढे तिने कुठे मॅच खेळली की चारातला एक हंगाम कापला जातो, आणि कॉलेजात गेल्यावर पहिलं वर्ष संघाबाहेर बसावं लागतं, ते वेगळं.

मुलांना एकविसाव्या वाढदिवसापर्यंत मोकळीक आहे. शाळा संपली की ती दुसऱ्या गावात कुणाच्या तरी घरी राहून दोन-दोन वर्षं खेळतात, दाढी-मिशा घेऊन कॉलेजात जातात, आणि लोक म्हणतात पोरगं तयार होऊन आलं. मुलगी एका वर्षात शिळी होते. हे असं का, ते मी डेलला विचारलं, त्याचा धाकटा भाऊ असाच खेळायला गेला होता. डेल म्हणाला, हे जबाबात बसत नाही. बसव, असं मी सांगितलं.

माफीचं वर्ष संपता संपता सिग्नेचा तोच गुडघा पुन्हा फाटला. तेव्हा ड्रिस्कॉलबाईंचा फोन आला, मी तिथेच कणीक मळत होते. त्या म्हणाल्या, "घाई करू नकोस, बाळा. अजून एक वर्ष थांब, पुढच्या सप्टेंबरात ये. जागा मी धरून ठेवते. सराव कर, पोरांबरोबर स्केटिंग कर, काय हवं ते कर. फक्त मॅच खेळू नकोस. एक मिनिटसुद्धा नाही." सिग्ने फोनवर नुसतीच मान हलवत राहिली. मी म्हटलं, "अगं, त्यांना दिसत नाही, तोंडाने बोल." तेव्हा ती हो म्हणाली.

दुसरा सगळा हिवाळा तिने तसंच काढला. रिंक उघडायच्या आधी ती आणि पपा जात. पपांच्या पायात स्केट नसत, साधे बूट. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस बर्फावर बूट रोवून उभा राही आणि तिच्यावर पक, म्हणजे ती रबराची चकती, मारी. ती अडवे, परत ढकले. बाकी मुली रात्री मॅच खेळायला येत तेव्हा सिग्ने माझ्याबरोबर कँटीनमध्ये सॉसेज गरम करायला उभी राहायची. काचेकडे पाठ करून.

दर फेब्रुवारीत आमच्याकडे लग्न झालेल्या बायका विरुद्ध न झालेल्या असा खेळ होतो. माझ्या सासूबाईंच्या काळापासून आहे. अंगात थंडीचे कोट, हातात झाडू, गोल म्हणून कचऱ्याचे दोन डबे. पंच नसतो. गोल किती झाले यावरून वर्षभर भांडण चालतं. हरलेल्यांनी सॉसेज आणि पोटिका, म्हणजे अक्रोड भरलेला गोड पाव, खाऊ घालायचा. यात आजवर कुणाचं काही गेलं नाही, पाद्रीबाईंचा एक दात सोडून.

यंदा पपांनी मनावर घेतलं. जेवायला बसल्यावर म्हणाले, "पोर दोन वर्षं काचेमागे उभी आहे. सप्टेंबरात जाईल ती. गावाने तिला असं झाडू देऊन पाठवायचं का?"

सिग्ने म्हणाली, "देदेक, मला मॅच नको म्हणून सांगितलंय." देदेक म्हणजे आमच्याकडे आजोबा.

"ही काय मॅच आहे? शेजारच्या इंगाची आई खेळणार त्यात. ती बर्फावर उभी राहिली की देवाचं नाव घेते."

"तरी पण."

"अगं, आपल्या गावातला खेळ आहे. तुझी आजी खेळलीय त्यात, पोटात फ्रँक असताना."

सिग्नेने माझ्याकडे पाहिलं. मी बटाटे वाढत होते.

मग जे झालं ते सगळं प्रेमाने झालं, हे स्पष्ट लिहावं. पपांनी दोन रंगांचे शर्ट शिवून घेतले, पाठीवर नावं. हार्डवेअरच्या दुकानाच्या लेस बर्गला पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून पंच व्हायला सांगितलं. कचऱ्याचे डबे जाऊन खरी जाळी आली, झाडू जाऊन हॉकीच्या काठ्या. मला म्हणाले, "मार्लिस, घड्याळ लाव. नीट, वीस-वीस मिनिटांचं. गोल पण लाव." तो बोर्ड फ्रँक गेल्यावर त्याच्या खाणीतल्या दोस्तांनी रिंकला दिलेला आहे, खाली त्याच्या नावाची पट्टी आहे. मी तो लावला. आणि पपांनी कुणाला न सांगता ड्रिस्कॉलबाईंना बोलावलं. तुमची गोलरक्षक कशी उभी राहते ते येऊन बघा म्हणाले.

दिनांक ११ फेब्रुवारी रोजी, शनिवारी, दुपारी दोनच्या सुमारास खेळ सुरू झाला. सगळं गाव होतं, अंमलदार हुपालाही होता, त्याची बायको लग्न झालेल्यांकडून खेळत होती. सिग्ने खाली वाकून उभी राहिली तेव्हा लोक बाकांवरून उठून काचेशी आले. मी इतकी वर्षं घड्याळ लावायच्या त्या छोट्या काचेच्या पेटीत बसते, पण त्या दिवशी मला घड्याळ दोनदा थांबवायचं राहिलं. ती हसत होती. मुखवट्याच्या जाळीतूनसुद्धा दिसत होतं. डेलच्या बायकोने समोरून मारलेला पक तिने हवेत झेलला आणि म्हणाली, "वहिनी, घरी गेल्यावर हुपाला साहेबांना सांगा, शिकवणी लावा म्हणावं." हे डेलला आठवतं.

ड्रिस्कॉलबाई बर्फामुळे उशिरा पोचल्या, दुसरा भाग चालू होता. पपा त्यांना हाताला धरून आत घेऊन आले. बाईंनी काचेतून पाहिलं. आधी सिग्नेकडे, मग लेसकडे, मग शर्टांवरच्या नावांकडे. मी माझ्या पेटीतून त्यांचा चेहरा पाहिला आणि मला कळलं की काहीतरी मेलंय, फक्त काय ते कळलं नाही. पपा म्हणाले, "का हो, तब्येत बरी नाही का? थांबवू का खेळ?" बाई म्हणाल्या, "नका थांबवू. आता खेळू दे तिला." आणि त्या बोर्डाच्या खालच्या बाकावर जाऊन बसल्या आणि शेवटपर्यंत बघत राहिल्या. सिग्नेने त्यांना ओळखलं. तिने हातातली काठी उंच करून दाखवली.

नंतर कँटीनमध्ये आम्ही चौघेच होतो. बाईंनी कॉफीला हात लावला नाही. त्या म्हणाल्या, "रस्त्यात माझी गाडी बंद पडली असती तर बरं झालं असतं. पाहिलं नसतं तर मला माहीत नसतं. आता मला कळवावं लागेल."

पपा म्हणाले, "काय कळवायचं? बायकांचा खेळ होता."

"रूडी, शर्ट होते, पंच होता. त्याला कुणी गंमत म्हणू शकेल. लेस बर्ग इतक्या वेळा पडला की मीसुद्धा म्हणू शकेन. पण घड्याळ लावलं असेल, गोल मोजले असतील, तर ती मॅच. मग एक हंगाम गेला आणि पहिलं वर्ष बाहेर. आणि मला सप्टेंबरात गोलरक्षक हवीच आहे, माझ्या दोघींची कॉलेजची वर्षं यंदा संपतात. वर्षभर साध्या कपड्यात बसणाऱ्या मुलीसाठी ती जागा मला धरून ठेवता येणार नाही."

सिग्ने म्हणाली, "म्हणजे किती वर्षांनी?"

बाईंनी हातमोजे उचलले. उठताना पपांना म्हणाल्या, "मी बोर्डाच्या खाली बसले होते. तिथून बोर्ड दिसत नाही. तेवढं मी सांगू शकते." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घड्याळाच्या पेटीची किल्ली माझ्या गळ्यात होती.

त्यानंतर गावाने काय केलं ते अंमलदाराला माहीत आहे. लिहायचं की नाही ते त्याने ठरवावं. लेसने आपला शर्ट गमतीचा होता म्हणून सांगायचं कबूल केलं. बायकांना आपल्या हातात झाडू होते हे आठवू लागलं. लोकांनी फोनमधले फोटो पुसले, माझ्या जावेने तर नातवाच्या वाढदिवसाचेही पुसले, तिला वेगळं करता येईना. चर्चमध्येही कुणी त्या शनिवारचं नाव काढलं नाही. विद्यापीठातल्या नियम बघणाऱ्या बाई एकेकाला फोन करणार होत्या, आणि राहिला होता फक्त बोर्ड.

दिनांक ७ मार्च रोजी, मंगळवारी, दुपारी बाराच्या सुमारास मी कँटीनचं सामान ठेवायला रिंकवर गेले. मागचं दार उघडं होतं. आतून खाणीत येतो तसा ठोकल्याचा आवाज येत होता. पपा शिडीवर होते, हातात घण. बोर्डाची काच खाली बर्फावर पडली होती, तारा लोंबत होत्या.

मी म्हटलं, "पपा, हे काय करताय?"

"बिघडलेला बोर्ड उतरवतोय."

"कधी बिघडला?"

"डिसेंबरात. नाताळाच्या आधी. तुला आठवत नाही?"

"पपा, परवा शाळेच्या पोरांच्या मॅचला मीच लावला होता."

"नव्हता लावलास." ते माझ्याकडे वळले. "मार्लिस, नव्हता लावलास तू. डिसेंबरपासून बंद आहे. कुणीही विचारलं तरी हेच सांगायचं. बंद बोर्डावर गोल कसे लागतील? सांग ना. कसे लागतील?"

मी म्हटलं, आधी खाली उतरा. उतरताना त्यांचा पाय खालून दुसऱ्या पायरीवर निसटला आणि उजवं मनगट मोडलं. मी त्यांना गाडीत घातलं. गाडीच्या मागच्या सीटवर घोंगडीत गुंडाळलेली फ्रँकच्या नावाची पट्टी होती. ती त्यांनी आधीच स्क्रू काढून, पुसून, नीट ठेवली होती. पट्टीला ओरखडाही नाही. अंमलदाराने विचारल्यावरून सांगते की होय, यावरून त्यांनी हे ठरवून केलं असं दिसतं. त्याच दिवशी संध्याकाळी रिंकच्या व्यवस्थापकाने ठाण्यात कळवलं, आणि पपांनी पोलिसांना सांगितलं की बोर्ड डिसेंबरपासून बंद होता, सुनेला विचारा, घड्याळ तीच बघते.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, पपा गोळी घेऊन झोपले असताना सिग्ने कोठीच्या खोलीत मला म्हणाली, "आई, ड्रिस्कॉलबाईंचा फोन येऊन गेला. संपलं. हंगाम कापला. माझी जागा ओंटारिओच्या एका मुलीला दिली."

मी म्हटलं, "असं कसं? अजून तर कुणाला विचारलंही नाही. लेसला फोन आला नाही, मला आला नाही."

"मला आला होता. गेल्या आठवड्यात. मी सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"की ती मॅच होती. घड्याळ होतं. आम्ही तीन-दोनने जिंकलो."

मला राग आला. हे लिहावं. सगळं गाव तिच्यासाठी तोंड शिवून बसलं होतं, म्हातारा माणूस शिडीवर चढला होता. मी म्हटलं, "एक शब्द खोटा बोलली असतीस तर काय जीभ झडली असती? तुला कळतंय का काय घालवलंस ते?"

ती म्हणाली, "आई, दोन वर्षांत मी एकच मॅच खेळले. ती पण झालीच नाही म्हणू? मग माझ्याकडे राहिलं काय?"

तिने खेळाचं सामान बांधून ठेवलं आहे. गोलरक्षकाचे पायाचे पॅड इंगाच्या धाकट्या मुलीला देणार म्हणते. सोमवारपासून ती वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला लागते आहे. ती जागा मीच बघून दिली. ती रडली नाही. ती जेवते, भांडी घासते, विचारलं तर उत्तर देते. माझ्या डोळ्यांदेखत ती वीस वर्षांची असून म्हातारी झाली आहे, आणि मी तिच्यासाठी काहीही करू शकत नाही. फ्रँक असता तर त्यालाही काही करता आलं नसतं.

एवढंच ती म्हणाली, की देदेकला सांगू नकोस. तो बोर्ड तिच्यासाठी फुटला आणि त्यामुळे तिचं काम झालं, असं त्यांना वाटतं, तर वाटू दे. सप्टेंबर आला की बघू.

पपांना तसंच वाटतं. परवापासून त्यांचं जेवण वाढलं आहे. मोडक्या हाताने टेबलावर ठोकून म्हणतात, "कसा जिरवला नियम." आज मला ठाण्यात सोडायला तेही आले. फ्रँकच्या लग्नातला कोट घालून आले आहेत, प्लास्टरवरून बाही चढत नव्हती म्हणून मी ती उसवून दिली. वाटेत मला पढवत होते, "नाताळाच्या आधी म्हण. तारीख सांगू नकोस, तारखेत माणूस अडकतो."

अंमलदाराने विचारलं की बोर्ड डिसेंबरपासून बंद होता काय. याचं उत्तर देते. बोर्ड बंद नव्हता. डिसेंबरात चालू होता, जानेवारीत चालू होता. दिनांक ११ फेब्रुवारी रोजी चालू होता, मी स्वतः लावला, गोलही मीच लावले. ७ मार्चला माझ्या सासऱ्यांनी तो घणाने फोडला. मी हे पपांना अडकवायला सांगत नाही. ती पोर सगळं घालवून खरं बोलली, आणि आता मी डिसेंबर म्हटलं तर ती एकटी पडेल. नुकसान मी भरून देईन. माझ्या सासऱ्यांवर खटला भरायचा असेल तर शहराने भरावा, पण तो सप्टेंबरच्या आत भरू नये, अशी विनंती आहे. अंमलदार म्हणतो हे त्याच्या हातात नाही. ते मला माहीत होतं.

हा जबाब मी कोणाच्या दबावाखाली दिला काय, असं विचारलं. दबाव आहे, पण तो पोलिसांचा नाही.

जबाब मला वाचून दाखवण्यात आला. पपा दाराबाहेरच्या बाकावर बसले आहेत आणि दार पातळ आहे, म्हणून मी डेलला तो हळू वाचायला सांगितला. त्याने माझ्या कानाशी वाचला. माझ्या सांगण्याप्रमाणे तो बरोबर आहे.

सही
मार्लिस फ्रँक टोमाझिन

समक्ष
अंमलदार डेल हुपाला